एक वर्षाची मुदत होती, ती 2010 मध्येच संपली

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वडिलांनी लिहिलंय. मुलगा जानेवारी 2009 मध्ये न्यू जर्सीत जन्मला. आई-वडील तेव्हाही भारतीय नागरिक होते, आजही आहेत. 2012 पासून कुटुंब बडोद्यात. मुलाकडे अमेरिकन पासपोर्ट, ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते, त्यानं नागरिकत्व मिळत नाही) आणि आधार आहे. येत्या जानेवारीत तो अठरा पूर्ण करेल, डोळा मेडिकलच्या प्रवेशावर आहे. त्यांचा प्रश्न असा: ‘आम्ही दोघं भारतीय म्हणजे तो भारतीयच. अठरापर्यंत दोन्ही नागरिकत्वं चालतात म्हणे, आता कुठलं ठेवायचं?’ मुलं बारावीला आली की अशी पत्रं दर वर्षी येतात.

दोनातून एक निवडण्याची वेळ तुमच्या मुलावर आलेलीच नाही, कारण त्याच्याकडे एकच नागरिकत्व आहे, अमेरिकेचं.

नागरिकत्व कायदा, 1955, कलम 4. 3 डिसेंबर 2004 पासून परदेशात जन्मलेलं मूल केवळ आई-वडील भारतीय आहेत म्हणून वंशानं भारतीय ठरत नाही. जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते आणि ‘मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही’ असं आई-वडिलांना लिहून द्यावं लागतं. तुम्ही फोटो पाठवलाय तो न्यू जर्सी राज्याच्या जन्मदाखल्याचा. त्यावर शिक्का ठसठशीत आहे, पण तो न्यू जर्सीचा आहे. आपल्या न्यूयॉर्कच्या वकिलातीतल्या नोंदीचा कागद तुमच्याकडे नाही, कारण तुम्ही तिथे गेलाच नाहीत. ‘नातू आजीला दाखवायचा होता म्हणून दीड महिन्यात अमेरिकन पासपोर्ट काढला, बाकीचं नंतर बघू म्हटलं,’ असं तुम्हीच लिहिलंय. त्या पासपोर्टसाठी फॉर्म भरलेत, फोटो काढलात, फी भरलीत. तेवढीच धावपळ आपल्या वकिलातीसाठी केली असती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. मला याचा खरंच राग येतो, कारण याची किंमत ज्याला मोजायची आहे तो तेव्हा पाळण्यात होता.

अठरापर्यंत दोन्ही चालतात हे तुम्ही ऐकलंत ते अर्धंच आहे. कलम 4 मध्येच पुढे म्हटलंय की वंशानं भारतीय असलेलं अज्ञान (म्हणजे अठराच्या आतलं) मूल दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत त्यानं ते दुसरं नागरिकत्व सोडावं, नाहीतर भारतीयत्व जातं. पण ही सवलत ज्यांची नोंद झाली त्यांना. नोंदच नाही तर सहा महिने मोजायचे कुठून?

वर्ष उलटल्यावरही केंद्र सरकारच्या परवानगीनं नोंद करता येते, हे खरं. एखादा एजंट तुम्हाला तेच सांगेल आणि ॲफिडेविट पुढे करेल. सही करू नका. दुसरा पासपोर्ट नाही असं तुम्ही आज लिहून देऊच शकत नाही, आणि या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भारतीय आई-वडिलांच्या अज्ञान मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करण्याची तरतूद कलम 5 मध्ये आहे. पण अर्ज कलेक्टर कचेरीतून दिल्लीपर्यंत जातो, मध्ये चौकशी होते. जानेवारीच्या आत काही हाती येईल याचा भरवसा मी देणार नाही. शिवाय अमेरिकन नागरिकत्व मुलाच्या वतीनं आई-वडिलांना सोडता येत नाही. ते त्यालाच अमेरिकन अधिकाऱ्यासमोर उभं राहून, समजून-उमजून सोडावं लागतं. तेव्हा घाई नको. पाच वर्षं ओसीआय आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असेल, तर सज्ञान झाल्यावर तो स्वतः कलम 5 खालीच अर्ज करू शकतो. त्यात, अर्ज मंजूर झाला तर परदेशी नागरिकत्व सोडेन, अशी हमी द्यायची असते. म्हणजे सोडायचं ते मंजुरी कळल्यावर. आधी सोडून बसला तर तो कुठल्याच देशाचा राहणार नाही.

आता मेडिकल. इतकं लांब पत्र लिहिलंत आणि ओसीआय कार्ड कधी काढलं ते लिहिलंच नाहीत! 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनं ओसीआयवाल्यांना नीट आणि जेईईसाठी फक्त एनआरआय किंवा ठरलेल्या संख्येपलीकडच्या जादा जागांपुरतं ठेवलं. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2023 मध्ये ठरवलं की त्या तारखेआधी ज्यांनी कार्ड घेतलं त्यांचा सर्वसाधारण जागांवरचा हक्क जात नाही. पासपोर्ट बदलल्यावर ओसीआयची पुस्तिका बदलून घेतली असेल तर तिच्यावर नवी तारीख असेल. पहिल्या पुस्तिकेची झेरॉक्स शोधा. गुजरातच्या राज्य कोट्याचं मात्र त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

बडोद्याजवळच्या पादरा गावातल्या शेतीबद्दल एवढंच, की ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं येऊ शकते.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ सगळ्यात गंभीर आहे. मतदारयादीचं काम करणारे बीएलओ घरी आले आणि तुम्ही मुलाचा फॉर्म 6, म्हणजे नव्या मतदाराच्या नोंदणीचा अर्ज, भरून दिलात. त्यात ‘मी भारताचा नागरिक आहे’ असं निवेदन असतं, आणि ते खोटं ठरलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, त्यामुळे ‘आधार पाहूनच घेतला’ हा बचाव टिकणार नाही. उद्याच मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून तो फॉर्म मागे घ्या आणि पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका.