मनोरुग्णालयांच्या जुन्या इमारती तुरुंगासारख्या का दिसतात?

आपण छत्रपती संभाजीनगरला वास्तुशास्त्र शिकत आहात आणि प्रबंधासाठी दोन गोष्टी विचारल्या आहेत: राज्यातील जुन्या शासकीय मनोरुग्णालयांची बांधणी तुरुंगाच्या वळणाची का आहे, आणि मराठवाड्यात असे एकही जुने रुग्णालय का नाही. मी डॉक्टर नाही. सार्वजनिक बांधकाम विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, आणि नोकरीतील काही वर्षे अशाच एका रुग्णालयाच्या देखभाल-दुरुस्तीचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे या उत्तरात भिंती आणि दारे जास्त येतील, औषधोपचार कमी.

दुसरा प्रश्न लवकर सुटतो, म्हणून तो आधी घेतो. शासनाची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा. यांपैकी नागपूर मध्य प्रांतात होते आणि बाकीची तिन्ही गावे मुंबई इलाख्यात. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला. इंग्रजांनी जागा ठरवल्या तेव्हा मराठवाडा त्यांच्या हिशेबातच नव्हता, आणि पुढे राज्ये जोडली गेली तेव्हा इमारती जिथल्या तिथेच राहिल्या. अंबाजोगाईकडे आमच्या लहानपणी शब्द 'पागलखाना' असा निजामी होता, पण माणूस न्यायचा तो येरवड्याला. शेजारच्या काकूंच्या दिराला रातराणीने पुण्याला नेले, तेव्हा थोरल्या भावाने त्याचे मनगट आपल्या मनगटाला उपरण्याने बांधून घेतले होते, हे मी स्वतः स्टँडवर पाहिले आहे.

आता मुख्य प्रश्न. १८५७ च्या उठावानंतर लगेच, १८५८ साली, वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीचा कायदा झाला आणि पुढच्या काही दशकांत ठिकठिकाणी 'लुनॅटिक असायलम' उभे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्यांची देखरेख तुरुंगांच्या महानिरीक्षकांकडे असे. ती सिव्हिल सर्जनांकडे गेली ती त्यानंतर. माणूस तिथे येई तोही बहुधा दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने आणि पोलिसांच्या सोबतीने. ज्या खात्याच्या ताब्यात वास्तू जाणार त्या खात्याला जे महत्त्वाचे वाटते तेच आराखड्यात उतरते, हा आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव आहे, आणि तुरुंग खात्याला माणूस बाहेर पडू नये एवढेच महत्त्वाचे वाटत होते. (रत्नागिरीचे रुग्णालय सुरू झाले त्याच १८८६ साली ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला नजरकैदेसाठी तिथे आणले गेले. लोकांना दूर ठेवण्याची जागा म्हणून सरकारला ते गाव सोयीचे वाटत असावे, असा माझा आपला तर्क.)

मी ज्या इमारतीत काम केले, तिथल्या एकट्याच्या खोल्यांची मोजमापे मी स्वतः घेतली आहेत. भिंत चुन्यातली, चांगली दोन फुटांची. उजेडाची झरोकावजा खिडकी माणसाचा हात पोचणार नाही इतकी वर. दार घरच्यासारखे आत न उघडता बाहेर, व्हरांड्यात उघडते, कारण आत उघडणाऱ्या दाराला आतल्या माणसाने पाठ लावली की ते बाहेरून उघडता येत नाही. कडी-कोयंडा बाहेरच्या अंगाला, आणि आतून धरायला साधी मूठसुद्धा नाही. जमिनीच्या फरशीला दाराकडे उतार दिलेला आणि उंबरठ्यापलीकडे व्हरांड्यात उघडी मोरी. हा उतार मी प्रथम बांधकामातील दोष समजलो होतो. तो सरळ करण्याचा अंदाजपत्रकात प्रस्तावही मांडला होता. तिथल्या एका वयस्कर कक्षसेवकाने मला समजावले की, आत माणूस असतानाच बाहेरून पाणी मारून खोली धुता यावी म्हणून तो मुद्दाम ठेवलेला आहे. प्रस्ताव मी मागे घेतला नाही.

असेच बांधायला हवे होते, असे मात्र मुळीच नाही. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने १७९६ साली सुरू झालेल्या 'रिट्रीट'मध्ये खिडक्यांच्या चौकटीच लोखंडी करून त्या लाकडी तावदानासारख्या रंगवल्या होत्या. सुरक्षितता तीच राहिली, फक्त गजांचा देखावा टळला. अमेरिकेत थॉमस स्टोरी कर्कब्राइड या डॉक्टरांनी १८५४ साली रुग्णालयाच्या बांधणीवर सविस्तर लिहिले. मध्यभागी कार्यालय आणि दोन्ही बाजूंना मागे मागे सरकत गेलेल्या पाखा, म्हणजे प्रत्येक पाखेला स्वतःचा वारा आणि उजेड. रुग्ण मात्र २५० हून अधिक नकोत, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडील मंजूर खाटा पाहा: येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. रत्नागिरीसुद्धा कर्कब्राइडांच्या मर्यादेबाहेर जाते. अर्थात अमेरिकेतही ती मर्यादा टिकली नाही आणि तिथल्या पाखाही पुढे गच्च भरल्या, तेव्हा सगळा दोष नकाशावर टाकता येत नाही.

पाट्या बदलत गेल्या. १९१२ चा कायदा आला, नंतर 'असायलम' जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आले, मग १९८७ चा कायदा, जो लागू व्हायला १९९३ उजाडले. भिंतींना हात लावणारा कायदा मला वाटते २०१७ चाच, मे २०१८ पासून लागू झालेला: त्याच्या कलम ९७ ने रुग्णाला एकांतात कोंडणेच निषिद्ध केले. मी मोजलेल्या खोल्यांत आता जुन्या गाद्या आणि मोडक्या खाटा ठेवतात.

ठाण्याच्या रुग्णालयाची काही जमीन नव्या रेल्वे स्थानकासाठी गेली आहे, आणि आपल्याकडे जालन्याला प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाले आहे. जुन्या-नव्याची तुलना करायची असेल तर ही दोन्ही नावे प्रबंधात घ्यावीत.

प्रत्यक्ष पाहणीसाठी वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, म्हणून कॅमेऱ्यापेक्षा टेप आणि वही न्यावी. जुने नकाशे संबंधित बांधकाम उपविभागात मागा. ते फूट-इंचांत असतात आणि कापडावर चिकटवलेले असल्याने घडीवर फाटतात, तेव्हा टेबलावर पूर्ण पसरूनच वाचा.