सिलिंडर बघताना आधी अॅक्सिस, मग पॉवर

भावा, नवीन आहेस म्हणून सांगतो, डोळ्यांचा नंबर काढताना रेटिनोस्कोपीचा (डोळ्यात उजेड टाकून काढलेला) सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतला नंबर, तसाच चष्म्यात लिहू नको. अॅक्सिस, म्हणजे सिलिंडर बसवायचा कोन, ३० अंश चुकला की सिलिंडर घालून न घातल्यासारखंच होतंय बघ.

आधी स्फिअर (सगळ्या दिशांना सारखा नंबर) नीट बसव, मग क्रॉस सिलिंडर (दांड्याची, पलटवायची तपासणीची काच, तिच्यावरचे लाल ठिपके मायनसचा अॅक्सिस दाखवतात) घे, नजर बरी असली तर ०.२५ चा, कमी असली तर ०.५० चा. पहिल्यांदा अॅक्सिसच. दांडा ट्रायल फ्रेममधल्या (तपासणीच्या चष्म्यातल्या) सिलिंडरच्या अॅक्सिसवर ठेव, पलटव, ज्या बाजूला बरं दिसतंय असं पेशंट म्हणतील तिथल्या लाल ठिपक्याकडं मायनस सिलिंडर फिरव, आणि दोन्ही सारखंच म्हणेपर्यंत करत रहा. मग पॉवर, तेव्हा ठिपके अॅक्सिसवर, लाल बरा तर मायनस वाढव. इथंच नवीन पोरं विसरतात, सिलिंडर मायनस ०.५० वाढवला की स्फिअरमध्ये प्लस ०.२५ घालायचं, नाहीतर पुढची सगळी उत्तरं बिघडतात.

आणि बोलणं फार महत्त्वाचं. निपाणीकडची एक बिडी वळणारी मावशी माझ्यासमोर प्रत्येक वेळी "दोन्ही बरं हाय" म्हणत होती, घाबरलेली बिचारी. मी म्हटलं मावशी दोन्ही पुसटच दिसणार, त्यातल्या त्यात कमी पुसट कुठलं तेवढं सांगा, की लगेच बोट दाखवलं तिनं. कन्नड पेशंट असेल तर "ओंदु? एरडु?" (एक? दोन?) एवढं तरी शिकून घे, आणि पलटवल्यावर जरा थांब, म्हाताऱ्या माणसांना घाई करू नको.