उशीत तोंड खुपसून खोकणारी थोरली

पत्र नाशिकहून आलं आहे. लांब होतं, म्हणून महत्त्वाचं तेवढं इथे देते.

"मावशी, मला दोन मुलं. थोरली साडेचार वर्षांची, जूनपासून शाळेत जायला लागली. धाकटा चौदा महिन्यांचा. दिवाळीपासून आमच्या घरात एक आठवडा धड गेलेला नाही. थोरली शाळेतून सर्दी आणते, तीन दिवसांनी धाकट्याला होते, मग मला. ही पाचवी खेप. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, माझ्या सगळ्या रजा संपल्या. नवऱ्याची एकही गेली नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी पोरं अशी सारखी आजारी पडत नव्हती, तू केळं देतेस, पंखा लावतेस. त्यांना वेखंड-ओव्याची धुरी द्यायची असते, मी देऊ देत नाही, त्यावरून अबोला. मागच्या खेपेला डॉक्टरांकडे जायला वेळ नव्हता म्हणून उरलेलं अँटिबायोटिक मीच दोन दिवस दिलं. हे कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात रात्री तीनला दोघंही रडत होती, तेव्हा मी थोरलीवर ओरडले, 'तूच घरात आजार आणतेस!' तेव्हापासून ती खोकला आला की उशीत तोंड खुपसते. शाळा बंद करू का? नोकरी सोडू? की माझंच काही चुकतंय? आणि सासूबाईंना संक्रांतीला धाकट्याचं बोरन्हाण करायचं आहे, ते तरी करू का?"

अगं, तू प्रश्न बरेच विचारलेस, पण मी त्या उशीपाशीच थांबले आहे. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

आज रात्री थोरलीला जवळ घे आणि सांग, "आजार तू आणत नाहीस. मी त्या रात्री खूप दमले होते आणि चुकीचं बोलले. खोकला आला की मोठ्यानं खोक आणि मला हाक मार." एकदा सांगून भागणार नाही. चार-पाच रात्री सांगावं लागेल, कारण साडेचार वर्षांचं मूल आईचा शब्द शब्दशः खरा मानतं. आईला त्रास नको म्हणून ती खोकला गिळते आहे. आजार लपवायला शिकलेलं मूल उद्या दुखणं अंगावर काढेल, याची मला सर्दीपेक्षा जास्त काळजी वाटते.

आणि तुझ्या घरात काय झालं ते बघ. सासूबाई तुला बोलल्या, तू लेकीला बोललीस. लेकीच्या खाली बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून तिनं ते उशीत दाबलं. पाण्याला उतार सापडतो तसा दोषालाही सापडतो. खरं तर दोष द्यावा असं इथे कुणीच काही केलेलं नाही.

सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं डॉक्टर सर्वसाधारण मानतात. शाळा किंवा पाळणाघर नवं असेल, तर दहा-बारा वेळाही होतो. यातले बरेच आजार थंडीच्या चार महिन्यांत येतात आणि एका सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. मग तूच हिशोब कर. एकीचा खोकला जायच्या आत दुसऱ्याची सर्दी सुरू, म्हणजे दिवाळीपासून घरात कुणीतरी खोकतच असणार. तू कॅशियर आहेस, हा ताळा तुला लगेच लागेल. तुमच्याकडे निफाडचा पारा उतरला की सगळं गाव दारं-खिडक्या लावून बसतं. बंद खोलीतल्या त्या शिळ्या हवेत विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. केळ्याचा त्यात काही संबंध नाही. पंख्याचाही नाही. दुपारी ऊन आलं की तासभर खिडक्या उघड, त्याचा उपयोग होईल.

सासूबाईंचं "आमच्या वेळी" मात्र मला नीट ऐकावंसं वाटतं, कारण त्यात थोडं खरं आहे. त्यांची मुलं बहुधा पाच-सहा वर्षांची होईपर्यंत अंगणातच वाढली असतील. तीस मुलांच्या बंद वर्गात साडेतीन-चार वर्षांची पोरं तेव्हा फारशी बसत नव्हती. दुसरं असं, की तापलेलं मूल तेव्हा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जायचं. आजी, काकू, आत्या, शेजारीण. पण १९९० च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे साधारण ऐंशी बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. आज तो आकडा पंचविसाच्या आसपास आहे. हा आकडा त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. त्यांनी त्यातलं काही डोळ्यांनी पाहिलं असेल, आणि त्यांच्या बोलण्यामागे तीच भीती असेल.

धुरीला तू नाही म्हणतेस ते बरोबरच आहे, तिथे मागे हटू नकोस. माझा धाकटा दोन वर्षांचा असताना त्याला वेखंड-ओव्याची धुरी मीच दिली होती. अर्ध्या तासात त्याला धाप लागली आणि मध्यरात्री आम्ही रिक्षा शोधत रस्त्यावर. ती रात्र मी विसरलेले नाही. सुजलेल्या श्वासनलिकेला धूर, मग तो वेखंडाचा असो, बंबाचा असो की डासांच्या कॉइलचा, त्रासच देतो. कापराची पुरचुंडी बाळाच्या नाकाशी किंवा कपड्यांत नको. कापूर तोंडात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. नाकात तेलाचे थेंबही नकोत. आणि वाफेसाठी उकळत्या पाण्याचं पातेलं मुलाजवळ कधीच ठेवू नकोस, त्यानं भाजलेली मुलं दवाखान्यात येत असतात.

पण सासूबाईंकडे बाकी पुष्कळ आहे, ते मोकळ्या मनानं घे. मऊ भात-तूप, गरम वरणाचं पाणी, थोरलीला गवती चहा घातलेलं कोमट पाणी, तळपायांना खोबरेल. रात्री झोपताना अर्धा चमचा मध दोघांनाही चालेल, कारण धाकट्याला वर्ष उलटून गेलं आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचाही नसतो. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढू दे. मीठ-मोहऱ्या-मिरच्या विस्तवावर टाकण्याऐवजी बाहेर टाका, एवढंच सांग.

आणि त्यांना एक खरं काम दे. धाकटा शांत झोपलेला असताना, अंगात ताप चढलेला नसताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, पोट उडायला लागलं, ओठ निळसर दिसले, मूल पीत नसलं, सात-आठ तास लघवी झाली नसली किंवा हाक मारूनही नीट जागं होत नसलं, तर धुरी नाही, काढा नाही, सकाळची वाटही नाही, सरळ दवाखाना. ज्या बाईनं मुलं वाढवली आहेत तिची नजर या कामाला तुझ्या-माझ्यापेक्षा पक्की असते. त्यांना "तुम्ही बघा, तुम्हाला लगेच कळतं" असं म्हणून बघ. अबोला सुटायला हे पुरेल असं मला वाटतं.

आता ती औषधाची बाटली. तू मला सांगितलंस ते बरं केलंस, पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही सांग. ते रागावले तर रागावू दे. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिक चालतच नाही, आणि पावडरीत पाणी घालून केलेलं औषध थोडेच दिवस टिकतं. उरलेलं आज ओतून टाक. खोकल्याच्या सिरपच्या बाटल्याही कपाटातून काढून टाक. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषानं लहान मुलं दगावली. त्यांतल्या बऱ्याच जणांना उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्यानं पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांपर्यंतही ती सहसा देऊ नयेत. घरात हवेत ते नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब आणि तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेलं. त्यातही एक गोष्ट जपायची. थेंबांच्या बाटलीत आणि सिरपमध्ये औषधाची ताकद वेगवेगळी असते, सिरपही दर पाच मिलीला १२५ आणि २५० मिलिग्रॅम असं मिळतं. दोन मुलं, तीन बाटल्या आणि पहाटेचे तीन, इथे हात चुकतो. बाटलीवर ठळक अक्षरात मुलाचं नाव आणि किती मिली ते लिहून ठेव.

तेवढ्यासाठी एक वहीही कर. ताप किती, औषध किती वाजता, कुणी दिलं. ही वही तुझ्यापेक्षा तुझ्या नवऱ्यासाठी जास्त लागेल, कारण आता मी त्याच्याकडे वळते आहे.

तू सहज लिहून गेलीस, "नवऱ्याची एकही गेली नाही." ते वाक्य मी दोनदा वाचलं. पाच खेपा, तुझ्या सगळ्या रजा संपल्या आणि त्याची एकही नाही. तो वाईट माणूस आहे असं तुझ्या पत्रात कुठे दिसत नाही. बहुधा त्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही. भांडणात नको, रविवारी दुपारी मुलं झोपल्यावर बोल. रात्र दोन भागांत वाटा. दहा ते दोन त्याची, दोन ते सहा तुझी, किंवा उलट. ज्याची पाळी नाही त्यानं दुसऱ्या खोलीत झोपायचं आणि मूल रडलं तरी उठायचं नाही. हे तुला जड जाईल. तो धाकट्याला थोपटेल ते तुझ्यासारखं नसेल, बाळ जास्त वेळ रडेल. तरी उठू नकोस. चार रात्रींत दोघांनाही सवय होते. आणि पुढच्या खेपेची पहिली रजा त्याची. वही आणि बाटल्या समोर असल्या की "मला काही माहीत नसतं" म्हणायला जागा राहणार नाही.

रात्री तीनला तू ओरडलीस ते तू वाईट आई आहेस म्हणून नाही. दोन महिने सलग न झोपलेला माणूस ओरडतोच.

आता तुझे पहिले दोन प्रश्न. शाळा बंद करू नकोस. ताप उतरून पूर्ण दिवस झाला आणि ती खेळती-खाती झाली, की नाक थोडं वाहत असलं तरी पाठव. आज घरी ठेवलंस तर हे आजार टळत नाहीत, पुढच्या वर्षावर जातात. पहिली-दुसरीत जाईपर्यंत हे बरंच कमी होतं. शाळेतून आल्यावर साबणानं हात धुणं आणि गणवेश बदलणं एवढं पाळ. दोघांच्या फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचार. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी असं आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, आणि पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात.

नोकरीचा निर्णय मार्चच्या आत घ्यायचा नाही. तुला नोकरी सोडावीशी वाटली तर जरूर सोड, तो तुझा हक्क आहे. पण रात्री धड झोपायला लागल्यानंतर ठरव. आत्ता सोडलीस तर ती दमल्यामुळे सोडलेली असेल, आणि रात्रीची सगळी जागरणं कायमची तुझ्या नावावर लागतील.

मी हे सगळं साधं म्हणते आहे ते दोन खेपांच्या मधे मुलं खेळतात, खातात, वजन वाढतं असं धरून. तसं नसेल, वजन अडलं असेल, ताप किंवा खोकला जराही कमी न होता दोन आठवड्यांहून जास्त राहिला असेल, सर्दी नसतानाही रात्री खोकल्याची उबळ किंवा छातीत शिट्टी येत असेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा झाला असेल, तर दमा आणि क्षय दोन्हींची तपासणी सांगून करून घे. क्षय म्हटलं की घरात गप्प बसायची पद्धत आहे, ती इथे नको.

आणि हो, बोरन्हाण. कर ना! पण संक्रांतीच्याच दिवशी हवं असं कुठे आहे, रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं. धाकट्याचा ताप जाऊन आठवडा होऊ दे. गेल्या संक्रांतीला तो अगदी तान्हा होता, म्हणजे हे त्याचं कळतं पहिलंच बोरन्हाण. सासूबाईंना काळं झबलं आणि हलव्याचे दागिने करू देत. दहा-बारा मुलं बोलवा, खोलीत न करता गच्चीवर किंवा अंगणात उन्हात करा. फक्त डोक्यावरून ओतायच्या वाटीत चुरमुरे आणि बत्तासेच असू देत. अख्खे शेंगदाणे, हरभरे, बोरं, हलव्याचे दाणे धाकट्याच्या हाती लागता कामा नयेत. या वयात एक दाणा श्वासनलिकेत गेला तरी जिवावर बेततं. मोठ्या मुलांची बोरं आणि उसाचे करवे वेगळ्या ताटात ठेवा, घरी जाताना द्या.

पहिली वाटी थोरलीच्या हातात दे. भावाच्या डोक्यावर पहिले चुरमुरे तिनं ओतायचे. आणि तेवढ्यात सगळ्यांसमोर तिला खोकल्याची उबळ आली, तर तिच्या पाठीवरून हात फिरव.