घड्याळं जुळवायला सॅटेलाइट का फायबर

भाऊ, लांबलांबची घड्याळं एकमेकांशी जुळवायला सॅटेलाइट बरं का फायबर (प्रकाश वाहून नेणारी काचेची तार) असं विचारतोयस, तर आधी हे बघ तुला नेमकं काय जुळवायचंय. घरच्या फ्रिक्वेन्सी काउंटरला (सिग्नल सेकंदाला किती ठोके देतो ते मोजणारं यंत्र) चांगला रेफरन्स पाहिजे असेल तर जीपीएसवाला ऑसिलेटर (जीपीएसच्या वेळेवर स्वतःचे ठोके जुळवून घेणारं यंत्र) घे आणि मोकळा हो, फायबरचं नाव पण काढू नको.

सॅटेलाइटचं गणित सोपंय, रोज एक नॅनोसेकंद इकडेतिकडे झालं म्हणजे फ्रिक्वेन्सीत साधारण १० चा उणे १४ घात एवढी चूक. आयनोस्फिअरमुळे (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) सिग्नल उशिरा येतो म्हणून दोन फ्रिक्वेन्सीचा रिसीव्हर लागतो, आणि आपल्या जळगावात मे महिन्यात गच्चीवर अँटेना न् केबल तापते ना, तिच्यातून सिग्नलला लागणारा वेळ पण सरकतो, मी आधी दोन महिने घड्याळालाच शिव्या देत बसलो होतो! दोन्ही घड्याळांकडून एकाच वेळी सॅटेलाइटला सिग्नल पाठवला तर वाटेतला उशीर बराचसा कटतो, तरी दिवसभराच्या सरासरीला उणे १५ घाताच्या आसपासच अडकतं.

आताची ऑप्टिकल घड्याळं (प्रकाशाच्या लहरींवर चालणारी अणुघड्याळं) उणे १८ घातापर्यंत गेलीत, तिथं फायबरच पाहिजे. फायबर पण गुणाचं नाही बरं, ऊन लागलं की लांबी बदलते, वरून केळीचे ट्रक गेले की थरथरतं. म्हणून थोडा प्रकाश त्याच फायबरातून परत आणतात, किती गडबड झाली ते मोजतात आणि तेवढी पाठवतानाच उलटी दुरुस्त करतात. मधले अँप्लिफायर (वाटेत प्रकाश वाढवणारे) पण दोन्ही दिशेचे लागतात, साधे टेलिकॉमवाले चालत नाहीत. जर्मनीत २०१२ साली गार्शिंग ते ब्राउनश्वाइग ९२० किलोमीटरवर हे करून दाखवलं, चूक उणे १८ घातापेक्षाही कमी.

पण समुद्रापलीकडं न्यायचं तर अजून सॅटेलाइटच बरं पडतं भो.