गिटार आणि चित्रकला दोन्ही आयुष्यभर केलेला रॉक कलाकार कोण? त्याला ते कसं जमलं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही जे.जे. कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहात, बँडमध्ये रिदम गिटार वाजवता आणि घरी रोज 'एक ना धड भाराभर चिंध्या' ऐकता. मी त्याच आवारातून अप्लाइड आर्ट करून बाहेर पडलो, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. गिटार माझ्याकडेही होती. आता ती कपाटावर आहे, ते असो.

माझं उत्तर एका नावात: रॉनी वुड. 'रोलिंग स्टोन्स' या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक.

7 एप्रिल 2003 ला स्टोन्स ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. तेव्हा मी एका एजन्सीत लेआउट करायचो. संध्याकाळी काम अर्धवट टाकून चर्चगेटला पोचलो. सगळं मैदान गायक मिक जॅगरकडे बघत होतं, मीही. मग अर्ध्या-पाऊण तासाने लक्षात आलं की एक काटकुळा, विस्कटलेल्या केसांचा माणूस वाजवताना स्वतःच्या हाताकडे फारसा बघतच नाहीये. त्याचं लक्ष बँडच्या दुसऱ्या गिटारवादकाकडे, कीथ रिचर्ड्सकडे. कीथ जिथे थांबतो, तिथे हा दोन सूर टाकतो आणि बाजूला होतो. आपल्याकडे तबलजी गवयाच्या तोंडाकडे बघत बसतो ना, तसं. मला वुड कळला तो तिथे, आणि त्याची चित्रंही मला त्याच वाटेने कळली.

जन्म 1 जून 1947, लंडनच्या पश्चिमेला हिलिंग्डनमध्ये. घराणं कालव्यांवर होड्या चालवणाऱ्यांचं. रॉनी आणि त्याचे दोन थोरले भाऊ ही घरातली जमिनीवर जन्मलेली पहिली पिढी. वडील माउथऑर्गनवाल्यांच्या ताफ्यातून घोड्यांच्या शर्यतींना वाजवत फिरायचे. लालबागची एखादी बेंजो पार्टी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आलीय अशी कल्पना करा. भाऊ आर्ट आणि टेड दोघंही चित्रं काढायचे आणि वाजवायचेही. म्हणजे हे दोन वेगळे धंदे आहेत, असं त्या पोराला घरात कुणी सांगितलंच नाही. लहानपणी त्याची चित्रं बीबीसीच्या 'स्केच क्लब' या कार्यक्रमात झळकली होती.

पुढे ईलिंगचं आर्ट कॉलेज. 'द हू' बँडचा पीट टाउनशेंड तिथलाच. पाचगणीच्या शाळेत वाढलेला आपला फारुख बलसारा, म्हणजे 'क्वीन' बँडचा फ्रेडी मर्क्युरी, तोही तिथलाच. कीथ सिडकपच्या आर्ट स्कूलचा. स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स तर जाहिरातीच्या धंद्यातला ग्राफिक डिझायनर. दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात झोपला, तिथल्या पलंगाचं स्केच तो वर्षानुवर्षं काढत राहिला. (हे वाचल्यापासून चार्ली मला नातेवाईक वाटतो.) तेव्हा तुम्ही चुकीच्या कॉलेजात असल्याची भीती तरी मनातून काढून टाका.

1964 च्या सुमारास वुड 'बर्ड्स' नावाच्या बँडमध्ये होता. अमेरिकेतले प्रसिद्ध 'बर्ड्स' निराळे, स्पेलिंगही निराळं. मग जेफ बेकने त्याला आपल्या बँडमध्ये बोलावलं, पण बेक स्वतःच गिटारचा बादशहा. तेव्हा वुडने काय केलं, तर बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, उचलली. 1968 च्या 'ट्रुथ' अल्बमवर तो बेस वाजवतोय. तुमच्या बँडमधल्या लीड गिटारवाल्याला उद्या बेस घ्यायला सांगून बघा, मग या गोष्टीचं मोल कळेल.

1969 ते 1975 'फेसेस' हा बँड, गायक रॉड स्ट्युअर्टसोबत. 'स्टे विथ मी' हे या दोघांनी मिळून रचलेलं गाणं. स्टोन्सच्या 'इट्स ओन्ली रॉक अँड रोल'ची पहिली जुळवाजुळव 1973 साली वुडच्या रिचमंडमधल्या घरी झाली, तेव्हा हा त्यांच्यात नव्हतासुद्धा! डिसेंबर 1974 मध्ये स्टोन्सचा गिटारवादक मिक टेलरने बँड सोडला. पुढच्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात वुड पाहुणा म्हणून उभा राहिला आणि तिथलाच झाला.

टेलर त्याच्यापेक्षा सफाईदार सोलो वाजवायचा, हे माझं मत आहे आणि त्यावर भांडायला मी तयार आहे. पण कीथला सोलोवाला नको होता. दोन गिटारींच्या या खेळाला तो विणकामाची पुरातन कला म्हणतो. एक ताणा, दुसरा बाणा, मध्येच अदलाबदल. शिवाय वुड स्लाइडही (तारांवर नळी सरकवून) वाजवतो आणि पेडल स्टीलही (पायपट्ट्यांची आडवी गिटार), म्हणजे जिथे जो रंग कमी पडेल तिथे तो.

त्याच्या गिटारीही बघण्यासारख्या. टोनी झेमाइटिस हा लंडनचा कारागीर गिटारच्या दर्शनी बाजूला धातूचा पत्रा बसवायचा. हेतू साधा: पिकअपमधली, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागातली, घरघर अडवणं. पण त्या पत्र्यावर नक्षी कोरायला माणूस आणला तो शिकारी बंदुकांवर कोरीवकाम करणारा, डॅनी ओब्रायन. वुडने या गिटारी वर्षानुवर्षं मिरवल्या.

आता चित्रं. 1980 च्या दशकात तो ठसेचित्रांकडे गंभीरपणे वळला, मोनोटाइप (एकच प्रत निघणारा ठसा), वुडकट (लाकडी ठसा), नंतर एचिंग (आम्लाने कोरलेल्या पत्र्याचा ठसा). त्यात पैशाचाही भाग होता. 1975 पासून स्टोन्समध्ये असूनही 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो त्यांचा भागीदार नव्हता, पगारी माणूस होता. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बँडचा गिटारवाला हातखर्चासाठी चित्रं विकतोय! विषय मात्र कायम आसपासचेच. कीथ, मिक, चार्ली, तालमी. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबरने त्याच्याकडून एक भलंमोठं चित्र करून घेतलं, लंडनच्या 'आयव्ही' रेस्टॉरंटमध्ये जमणाऱ्या नामवंतांचं. तालमीत गाण्यांची यादीसुद्धा तो रंगवून लिहितो. त्याची काही मोठी तैलचित्रं मला भपकेबाज वाटतात. पण चारकोलच्या चार रेषांत कीथ सिगारेट पेटवताना दिसतो, तेव्हा ब्रेबॉर्नवरची ती नजर ओळखू येते. समोरच्याकडे इतकं बघितलेला माणूस हातात गिटार असताना त्याच्यासोबत वाजवतो, कोळसा असताना त्याला काढतो.

बाकी दारू, ड्रग्ज, पुनर्वसन केंद्राच्या फेऱ्या हे सगळं झालं. 2010 पासून तो दारूला शिवलेला नाही. 2016 साली, एकोणसत्तराव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, जुळ्या मुली झाल्या. 2017 ला फुप्फुसाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया, 2020 मध्ये पुन्हा दुसरा कॅन्सर, त्यातूनही सुटला. 2023 च्या 'हॅकनी डायमंड्स'वर तो आहेच.

घरच्यांना हे सांगून फार उपयोग होईल असं वाटत नाही. माझ्या वेळी झाला नव्हता. पण माझी चूक काय झाली ते सांगतो. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आणि ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान हाकेच्या अंतरावर होते. मी एका शनिवारी इकडे जायचो, दुसऱ्या शनिवारी तिकडे, जणू दोन बायका सांभाळतोय. आमच्या ड्रमरचं एकही स्केच मी कधी काढलं नाही. ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झालं. तुमच्या तालमीत स्केचबुक न्या, बँडमध्ये बसलेल्यांनाच काढा.

आणि 1978 च्या 'सम गर्ल्स'मधलं 'बीस्ट ऑफ बर्डन' इयरफोन लावून ऐका. कुठली गिटार कीथची आणि कुठली रॉनीची, ते शेवटपर्यंत सांगता आलं तर मला इथेच कळवा. मी अजून मधेच कुठेतरी चुकतो.