वकिलाच्या ऑफिसात नव्या अशिलांचे फोन घ्यायला माणूस नेमताना काय पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या फोर्टमध्ये तीन वकिलांचं ऑफिस, दिवसभर तिघंही कोर्टात, नव्या लोकांचे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप तसेच पडून राहतात. त्यासाठी माणूस नेमायचाय. कसा निवडावा, काय शिकवावं, आणि पगार द्यावा की आलेल्या केसमागे काही टक्के?

टक्क्यांचं आधी निकालात काढतो. देऊ नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकील नसलेल्या माणसाशी फी वाटून घेता येत नाही, आणि नियम ३६ प्रमाणे दलालामार्फत काम मिळवणंही चालत नाही. अमेरिकेतल्या फर्मचे व्हिडिओ बघून ‘कन्व्हर्जन’ (किती फोनमागे किती केस आल्या) आणि ‘टार्गेट’ची भाषा आपल्याकडे आली आहे, पण तिथे वकिलांना जाहिरात करता येते, इथे नाही. केसमागे पैसे ठरले की दुसरी भानगड सुरू होते: तुम्ही ज्या विषयातलं काम घेतच नाही तेही समोर आणून बसवलं जातं, आणि फोनवर ‘होऊन जाईल काम’ असं सांगितलं जातं. सरळ महिन्याचा पगार द्या, दिवाळीला बोनस द्या. ज्याने स्वतःहून फोन केला त्याला उलट फोन करायला हरकत नाही. कुठून तरी नंबर मिळवून ‘आमचे वकील आहेत’ म्हणून फोन लावणं मात्र या माणसाच्या कामात कधीही येता कामा नये.

माणूस कुठला घ्यावा? माझा कौल हॉस्पिटलच्या ओपीडी नोंदणीवर किंवा पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर दोन-तीन वर्षं काढलेल्यांना. घाबरलेला, एकच गोष्ट तीनदा सांगणारा माणूस त्यांनी रोज पाहिलेला असतो; नाव, वय, नंबर अचूक लिहायची सवय असते, आणि ‘डॉक्टरच सांगतील’ हे वाक्य तोंडात बसलेलं असतं. कॉल सेंटरवाले गोड बोलतात, पण फोन लवकर संपवायची घाई जात नाही. लॉचे विद्यार्थी टाळा: ते सल्ला दिल्याशिवाय राहत नाहीत आणि परीक्षा आली की गायब. कोर्टातून निवृत्त झालेले क्लार्क कामाचे असतात, मात्र ‘आतून करून देतो’ ही सवय असेल तर ती तुमच्या ऑफिसला महागात पडते. मराठी आणि हिंदी अस्खलित हवी, इंग्रजी कामापुरती. घाटकोपर-मुलुंडकडचे अशील बरेच असतील तर गुजराती समजणारी व्यक्ती पाहा.

मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ वगैरे सोडा. दुसऱ्या खोलीतून ज्युनियरला फोन करायला सांगा आणि पाच मिनिटं मुद्दाम भरकटत बोलू द्या: भावाशी वाद, आईचं आजारपण, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि मध्येच कुठेतरी ‘चेकपण परत आलाय’. मग उमेदवाराला आठ ओळींत टिपण लिहायला लावा. चेक टिपणात आला का? त्याची तारीख विचारली का? बोलणाऱ्याला न दुखावता मुद्द्यावर आणलं का? ‘तुमची केस पक्की आहे’ असं एकदाही म्हटलं गेलं तर तो उमेदवार बाद.

आता शिकवण्याचं. सगळ्यात आधी, हकीकत ऐकण्यापूर्वी समोरच्या पक्षाचं नाव. वकिलाने एका बाजूला सल्ला दिला की त्याच प्रकरणात विरुद्ध बाजूने उभं राहता येत नाही, हा नियम ३३. त्यामुळे तुमच्याच अशिलाच्या विरोधकाची अख्खी कहाणी तुमच्या ऑफिसने ऐकून घेतली तर दोघांपुढेही अडचण होते. ‘कुणाविरुद्ध आहे ते आधी सांगा, मग पुढचं बोलू’ हे वाक्य पाठच करून घ्या. मुंबईत हे वाटतं तितकं सोपं नाही. बिल्डर बहुतेक वेळा प्रत्येक प्रकल्पाला वेगळी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) काढतो, त्यामुळे होर्डिंगवरचं नाव आणि करारनाम्यातलं नाव वेगळं निघतं. दोन्ही विचारायची, शिवाय सही कुणाची आहे तेही. सोसायटी असेल तर नोंदणीकृत पूर्ण नाव. बाईंचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिलं जातं, तेव्हा शोधताना सगळी स्पेलिंग टाकून पाहायची. यासाठी एकच एक्सेल शीट पुरते: अशील, विरुद्ध पक्ष, संबंधित नावं, विषय, तारीख. नव्या माणसाचे पहिले दोन आठवडे कपाटातल्या जुन्या फायली त्यात चढवण्यात जाऊ द्या. नावंही ओळखीची होतात.

दुसरं, तारीख. ही मात्र आठवणीतून सांगितलेली घ्यायची नाही, कागद हातात घेऊन वाचायला लावायची. चेकचंच घ्या. समोरचा म्हणतो, ‘महिना होत आला असेल.’ त्यावर विचारायचं: चेक परत आल्याचा बँकेचा मेमो तुमच्या हातात कधी आला? नोटीस पाठवली आहे का? पाठवली असेल तर समोरच्याला कधी मिळाली? मेमो ३ जूनला मिळाला असेल तर नोटीस ३ जुलैच्या आत जायला हवी, कारण बँकेकडून कळल्यापासून ३० दिवस आहेत. नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपले की कोर्टात तक्रार करायला एक महिना. यातलं गणित फोन घेणाऱ्याने करायचं नाही. तारखा लिहायच्या, लाल खूण करायची आणि वकिलाला त्याच तासात मेसेज टाकायचा.

लाल खूण आणखी कशाला? दिवाणी दाव्याचं समन्स मिळालं असेल (कैफियतीला, म्हणजे लेखी उत्तराला, मुळात ३० दिवस), बेकायदा बांधकामाबद्दल महापालिकेची ३५१ ची नोटीस असेल, उद्याची तारीख असेल. कुणाला पोलिसांनी उचललं असेल तर मेसेजवर थांबायचं नाही, कोर्टात असलेल्या वकिलापर्यंत क्लार्कला पाठवायचं: २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं, म्हणजे रिमांड उद्याच असू शकतो. पोलीस ठाणं, माणसाचं नाव, किती वाजता नेलं, एवढं पुरे. गुन्हा केला की नाही हे फोनवर विचारायचंच नाही.

घरगुती वादाचा फोन असेल तर आणखी एक प्रश्न: ‘या नंबरवर आम्ही फोन केला तर चालेल का, आणि कुठल्या वेळेला?’ हे न विचारता ऑफिसच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप गेला आणि तो नवऱ्याने वाचला, असं सहज होऊ शकतं.

फी विचारली तर फक्त पहिल्या भेटीची, तुम्ही ठरवलेली. ‘साधारण किती लागतील’ याला उत्तर नाही. मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत. घ्यावेच लागले तर पानं मोजून दोन प्रतींत पोच. फोन आणि सिम ऑफिसचं, स्वतःच्या मोबाइलवर एकही कागद नको. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ची गोपनीयता वकिलाच्या क्लार्कला आणि नोकरालाही लागू आहे, हे नेमणूकपत्रात लिहा आणि तोंडीही समजावून सांगा. लोकलच्या डब्यात फोनवर ‘आज एक भारी केस आली’ म्हणणाऱ्याला आपण काही चुकीचं करतोय असं वाटतच नसतं.

वेळ ११ ते ७ ठेवा. तुम्ही कोर्टात असता तेव्हाचे फोन आणि संध्याकाळच्या भेटी दोन्ही त्यात बसतात. पहिले तीन महिने रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्या दिवसाची टिपणं सोबत वाचा. किती फोन घेतले यापेक्षा टिपणात किती गोष्टी विचारायच्या राहून गेल्या ते बघा. पगार शेजारच्या ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टपेक्षा थोडा जास्तच ठेवा, नाहीतर सगळं शिकवून झाल्यावर माणूस दुसरीकडे जाईल.

आणि हे सगळं एका ज्युनियरलाही शिकवून ठेवा. गणपतीत हा माणूस गावी जाणार, हे गृहीत धरा. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असली तरी चेकच्या नोटिशीचे ३० दिवस चालूच असतात, त्यामुळे फोनवाल्याच्या रजा कोर्टाच्या कॅलेंडरवरून ठरवू नका.