वाचकांचे प्रश्न : ध्यानासाठी जागा कोणती आणि संकल्प कसा?

प्रश्न : घरच्या घरी ध्यानाला सुरुवात करायची माझी फार दिवसांपासून इच्छा आहे. स्वतंत्र खोली हवी, तोंड पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे असावे, बसण्यापूर्वी ठाम संकल्प करावा, असे वेगवेगळ्या लोकांकडून ऐकले. आमच्या घरात स्वतंत्र खोली मिळणे शक्य नाही. ‘मला शांत व्हायचे आहे’ असा संकल्प करून मी काही दिवस बसले. पण मन शांत होण्याऐवजी चिडचिडच वाढली आणि बसणे बंद पडले. नेमकी तयारी काय करावी?

उत्तर : खोली आणि दिशा यांची चिंता आधी मिटवू. ध्यानाला दिशा, स्थळ आणि काळ यांचे काही बंधन आहे का, हा आपला प्रश्न वेदान्ताचा सूत्रग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी जवळजवळ याच शब्दांत उपस्थित केला आहे, आणि ‘यत्रैकाग्रता तत्राविशेषात्’ (४.१.११) हे सूत्र त्याचे सरळ उत्तर देते : जिथे मन एकाग्र होते ती जागा योग्य, त्यापलीकडे विशेष नियम नाही. श्वेताश्वतर उपनिषदात सपाट, स्वच्छ, खडे-वाळू नसलेली, वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा सांगितली आहे खरी; पण त्याच मंत्रात ती ‘मनाला अनुकूल’ असावी असेही म्हटले आहे, आणि आचार्यांनी नेमक्या याच शब्दावर बोट ठेवून बाकीच्या तपशिलांचे बंधन नाही, असा निर्वाळा दिला आहे. तेव्हा पूर्वेकडे तोंड करून बसणे आपल्याला आवडत असेल तर जरूर बसावे. मात्र पूर्वेला दूरदर्शन संच असेल तर खुशाल पाठ फिरवावी.

खोली नसली तरी ठरलेला कोपरा मात्र असावा. तो निवडताना एकच कसोटी लावावी : तिथे बसण्यासाठी रोज काही हलवावे, आवरावे किंवा कुणाला उठवावे लागते का? लागत असेल तर दुसरा कोपरा शोधावा, कारण कंटाळा आलेल्या दिवशी ही आवराआवरच न बसण्याचे निमित्त ठरते. आसनाबद्दल गीतेत ‘नात्युच्छ्रितं नातिनीचम्’, म्हणजे फार उंच नाही आणि फार सखलही नाही, असे सांगितले आहे, आणि आजही ते तंतोतंत उपयोगी आहे. मांडी घालून बसल्यावर गुडघे कंबरेपेक्षा वर राहत असतील तर पाठीला बाक येतो आणि थोड्याच वेळात कंबर भरून येते. अशा वेळी घट्ट घडी घातलेले ब्लँकेट केवळ बैठकीखाली घ्यावे, मांड्यांखाली नको, म्हणजे गुडघे आपोआप खाली उतरतात आणि पाठ ओढून धरावी लागत नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उत्तम. तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले असावेत, एवढेच. उजेड थेट डोळ्यांवर आणि पंख्याचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. स्थिर बसल्यावर थंडी वाजू लागते, म्हणून एखादी शाल हाताशी ठेवावी. वेळ मोजण्यासाठी मोबाइल वापरणार असाल तर तो विमान मोडवर टाकून पालथा ठेवावा. समया, मूर्ती, सुगंध हे सारे ऐच्छिक आहे. या वस्तू जमवण्यातच महिनाभर जातो आणि ध्यान राहून जाते, असे पुष्कळांचे होते.

घरच्यांशी मात्र आधी बोलून घ्यावे. ‘मला त्रास देऊ नका’ एवढे सांगून भागत नाही. किती मिनिटे बसणार आणि कोणत्या कारणासाठी हाक मारलेली चालेल, हे स्पष्ट सांगितले की त्यांनाही ते पाळता येते आणि आपलेही लक्ष दाराकडे लागून राहत नाही.

आता संकल्प. आपली खरी अडचण इथेच आहे, असे आपल्या पत्रावरून दिसते. ‘मला शांत व्हायचे आहे’ या वाक्यात फळ मागितले आहे, कृती सांगितलेली नाही. त्यामुळे डोळे मिटल्यापासून मन आपलीच परीक्षा घेत बसते, अजून शांत का वाटत नाही याचा हिशेब मांडते, आणि त्या हिशेबातूनच चिडचिड उगवते. शांतता हा आपला हेतू असू द्या, पण तो वहीत एकदा लिहून बाजूला ठेवा. रोजचा संकल्प आपल्या हातातल्या गोष्टीचा असावा : ‘तोंड धुऊन झाले की मी खिडकीजवळच्या आसनावर बसेन, दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष ठेवेन, आणि मन भटकल्याचे लक्षात येईल तेव्हा ते परत आणेन.’ यात वेळ, जागा आणि कृती तिन्ही आली. मन भटकणारच, हेही त्यात गृहीत धरले आहे. कधी, कुठे आणि कसे हे आधीच ठरवले तर ठरवलेली गोष्ट हातून घडण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ सालच्या आपल्या निबंधात विस्ताराने मांडले आहे. नवी सवय आधीपासून असलेल्या सवयीला जोडण्याचा फायदाही यातच आहे, कारण घड्याळातली वेळ चुकते, तोंड धुणे सहसा चुकत नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांनी अभ्यास, म्हणजे सराव, दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, अखंडता आणि आदर (१.१४) एवढ्याच गोष्टी मागितल्या आहेत. म्हणून आरंभी तासाभराचा संकल्प करू नये. गडबडीच्या दिवशीही पार पडेल इतकाच वेळ ठरवावा, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करण्याच्या भरीस पडू नये.

प्रश्न : ध्यानाला बसले की मला हमखास झोप येते. जागेचा दोष असेल का?

उत्तर : असू शकतो. पलंगावर बसत असाल तर आधी खाली उतरा, जेवणानंतर लगेच बसू नका आणि खोलीत पुरेसा उजेड राहू द्या. डोळे पूर्ण मिटण्याऐवजी बौद्धांच्या झेन परंपरेप्रमाणे अर्धवट उघडे ठेवून नजर समोर जमिनीवर सैल सोडून पाहा. एवढे करूनही डुलक्या येत राहिल्या तर रात्रीची झोप पुरी होते आहे का, ते तपासावे. होत नसेल तर काही दिवस ध्यानाची वेळ झोपेला दिली तरी हरकत नाही.